टाचेवरचा जांभळा डाग

ये गं, अशी जवळ बस. पाहुण्यासारखी दारात काय उभी राहतेस? आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. त्यात बघून बघून डोळे सुजवून घेतलेस, दुसरं काय मिळालं? लेकराच्या अंगावर डाग दिसला की डॉक्टरला दाखवायचा असतो, मोबाईलला नाही. एवढी शिकलीस आणि हे मी सांगायचं? रागावू नकोस. माझं पुढचं ऐकलंस तर तूच मला चार शब्द सुनावशील, आणि मी ते खाली मान घालून ऐकून घेईन. ते माझ्या हातून फार कमी वेळा झालंय.

तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण आमच्या नातवाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही एवढं बोलता, त्यातलं थोडं लिहून काढा. ज्यांच्या घरी असं बाळ येईल त्यांना उपयोगी पडेल." मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. पुढचं वाचन सगळं मुलाच्या पुस्तकांवर आणि वाण्याच्या पुडीच्या कागदांवर झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस.

मी सोलापूरची. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. मला एकच मुलगा, मल्लिनाथ. नव्या पेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहे. त्याला मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची, शिवप्पाची, थोरली मुलगी केली. सुवर्णा तिचं नाव. म्हणजे ती माझी भाचीही आणि सूनही. आमच्याकडं यात नवल काही नाही. भावाच्या घरात मुलगी असताना बहिणीनं सून दुसरीकडं बघितली तर भाऊ दिवाळीला यायचा बंद होतो. सुवर्णाला शिकायचं होतं, मल्लिनाथला अजून थांबायचं होतं. दोघांना मी विचारलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझी कीव करणार नाहीस.

मुंगी

बाळ झालं तेव्हा सगळं छान होतं. वजन चांगलं, रडणं असं की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. दुसऱ्या दिवशी घरी आलो. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालणारी बाई पायावर बाळाला पालथं घालता घालता थांबली.

"अक्का, टाचंला काय झालंय वो ह्येच्या?"

डावी टाच. चिंचोक्याएवढा डाग, पिकल्या जांभळासारखा. मी चष्मा लावला, बघितलं आणि निकाल दिला, "मुंगी चावली असंल." निकाल द्यायची मला फार हौस. त्यावर हळद लावली आणि विसरून गेले.

संध्याकाळपर्यंत डाग दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीच्या मागं आणखी एक, माझ्या तळहाताएवढा. कडेला लाल, मधे काळपट, वांग्याच्या सालीसारखा. बाळ दूध ओढेना. आमच्या शेजारच्या बाई आल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्या हे कागद गल्लीभर दाखवत फिरतील. त्यांनी वाकून बघितलं आणि सुवर्णाकडं असं पाहिलं की जणू तिनंच शाई ओतलीय.

"गिराणात काय तरी चिरलं असंल हिनं. गिराणाचा डाग हाय ह्यो. बिब्बा घाला, उतरतंय." गिराण म्हणजे ग्रहण.

आता ऐक. बिब्बा मी घेतला. सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला. त्याचं काळं तेल सुटायला लागलं. ते मोठ्या माणसाच्या कातडीवर पडलं तरी फोड येतो. चार दिवसांचं लेकरू, अंगातलं रक्त जागोजाग साकळलेलं, आणि त्या कातडीवर मी ते कढत तेल ठेवणार होते. शेजारीण नाही. मी.

"आत्या, ते ठेवा खाली," सुवर्णा म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय?"

"ठेवा म्हणतीय ना!"

तेवीस वर्षांची पोर, टाके ओले, दोन वर्षांत माझ्यासमोर आवाज चढवलेला नाही. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि चप्पल न घालता दाराबाहेर पडली.

"ओली बाळंतीण तू! वारं लागंल की!"

"लागू दे."

मी हातात सुई घेऊन तिच्या मागं. रिक्षात तिच्या शेजारी बसले आणि तोंड सुरूच. बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, लोक काय म्हणतील, तुझ्या आईनं हेच शिकवलं का. शेवटी रिक्षावाल्यानं मान न वळवता सांगितलं, "अम्मा, जरा चुप बैठो. बच्चे को देखने दो उनको." परक्या माणसानं मला गप्प केलं तो पहिला प्रसंग. त्याचं भलं होवो.

मॅडमनी विचारलं होतं

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. नाव अजून ठेवलं नव्हतं, त्यामुळं पेटीवर चिठ्ठी लावली, 'बेबी ऑफ सुवर्णा'. मला तेव्हाही राग आला की माझ्या मुलाचं नाव कुठंच नाही. नातू मरणाच्या दारात आणि मी चिठ्ठी वाचत होते.

डॉक्टर मॅडम माझ्या सुनेएवढ्याच दिसत होत्या. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार. त्या खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. "बाळाच्या अंगात रक्ताच्या गुठळ्या होतायत. बारीक बारीक शिरा बंद पडतायत, म्हणून कातडी काळी पडतेय."

"गुठळ्या म्हाताऱ्या माणसाला व्हत्यात की," मी म्हटलं. "हार्टवाल्यांना."

"बाळांनाही होतात, आजी. जंतूंमुळं होतात, जन्मतःच रक्तात काही कमी असलं तरी होतात. म्हणून विचारते, बाळाचे आई-वडील एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातले आहेत का?"

"न्हाय," मी म्हटलं. आणि वर पदर सावरून, "आमच्यात तसलं चालत न्हाय. बेडगु वेगळं बघूनच लग्न करतो आमी."

बेडगु म्हणजे आमच्यातलं कूळ. ते बापाकडून येतं. एका बेडगाची मुलं आमच्यात भाऊबहीण धरतात, त्यांचं लग्न लावणं म्हणजे पाप. मी लग्न होऊन सासरच्या बेडगाची झाले, माझा मुलगाही त्याच बेडगाचा. भावाची मुलगी भावाच्या बेडगाची. झालं वेगळं. मी खोटं बोलत नव्हते बघ. मला अगदी मनापासून वाटत होतं की ही दोघं रक्तानं लांबची आहेत. मल्लिनाथ शेजारीच उभा होता. त्याला शाळेत शिकवलेलं असणार की वेगळं काही, पण तो बोलला नाही. सुवर्णा आत दूध काढायला गेलेली. आणि मी असताना आमच्या घरात दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही, ही शिस्त मीच लावलेली.

मॅडमनी कागदावर 'नाही' लिहिलं.

मग जंतूंवरची औषधं सुरू झाली. शिवाय रक्तातला पिवळा भाग, प्लाझ्मा म्हणतात त्याला, तो बाळाला चढवला. डाग वाढायचे थांबले. पाच दिवसांनी बाळ जरा बरं दिसलं, तपासणीत जंतूही सापडले नाहीत, म्हणून पिवळी पिशवी बंद केली. दुसऱ्या दिवशी डावा कान काळा पडला. डाव्या पायाची बोटं निळी झाली. मॅडम पेटीपाशी उभ्या राहून एकटक बघत होत्या. त्यांना कोडं पडलं होतं. आणि त्या कोड्याचं उत्तर बाहेर बाकावर बसून शेंगदाणे खात होतं.

भेटायला येणारे

दवाखान्यात आमच्यातल्या फक्त सुवर्णाला आत सोडायचे, दर तीन तासांनी. कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा झगा घालायचा, झाकणाच्या वाटीत दूध काढून द्यायचं. बाहेर वॉचमन ओरडायचा, "बेबी ऑफ सुवर्णाची आई!" की ती टाके सांभाळत उठायची. आठवडाभरात तिचे गाल बसले.

आणि बाहेर नातेवाईक. काय सांगू तुला. या लोकांना लग्नाला बोलावलं तर कामं असतात, पण दवाखान्यात लेकरू आहे म्हटलं की गाडी करून येतात. एक काका मोबाईलवर आलेलं वाचून दाखवत होते, पपईच्या पानांचा रस पाजा म्हणून. नऊ दिवसांच्या बाळाला! मी विचारलं, "चमच्यानं का पेल्यानं?" त्यांना कळलं नाही. एक बाई आमच्याच डब्यातली भाकरी खात म्हणाली, "वाचलं तरी पायानं अधूच की मग." वर शेंगाचटणी मागून घेतली. दुसरी सुवर्णाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरीला माहेरी धाडा. मल्लिनाथला दुसरी बघा, हाय काय आन् न्हाय काय."

तेव्हा माझा अबोल पोरगा पहिल्यांदा बोलला. बाकावरून उठलासुद्धा नाही. "मावशी, तुमी चहा प्या आणि जावा," म्हणाला. मावशी गेल्या. चहा पिऊनच गेल्या.

मीही याच बायांबरोबर कितीतरी दवाखान्यांत जाऊन असंच बोलून आलेय. तेव्हा आपण कशा दिसतो हे बाकाच्या या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही.

एक मात्र चांगली भेटली. पद्मा. शेजारच्या पेटीतल्या सातव्या महिन्यात आलेल्या पोरीची आई. घरी यंत्रमाग, तेलुगू बोलणारी, मराठी तोडकं. तिनं मला बसायला चटईचा अर्धा भाग दिला आणि रोज फ्लास्कमधलं गरम पाणी. इतक्या दिवसांत तिनं मला एकही सल्ला दिला नाही. तेवढी ती एकच.

शिवप्पा

दहाव्या दिवशी माझा भाऊ आला. पांढरंशुभ्र धोतर-सदरा, जसा काही बाजार समितीच्या सभेला. आल्या आल्या म्हणाला, "सुवर्णा लई वाळलीया."

माझं डोकं फिरलं. "तुला पोरगी दिसली रे तम्मा! आत माझा नातू काळा पडाय लागलाय त्ये न्हाय दिसलं?" तम्मा म्हणजे आमच्यात धाकटा भाऊ.

"माझा बी नातूच हाय की त्यो, अक्का! माझ्याच पोरीचा हाय न्हवं?"

तिथून औषधांची ट्रॉली घेऊन एक सिस्टर चालली होती. ती थांबली.

"आजी, हे कोण तुमचे?"

"भाऊ. सख्खा. माझ्या पाठचा."

"आणि बाळाच्या आईचे वडील कुठायत?"

"ह्योच की."

सिस्टरनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "म्हणजे तुम्ही बाळाच्या वडिलांची आई. हे बाळाच्या आईचे वडील. आणि तुम्ही दोघं सख्खे बहीणभाऊ?"

"व्हय. त्यात काय एवढं?"

ट्रॉली तिथंच टाकून ती पळाली.

मॅडम धावत आल्या. "आजी, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी रक्ताचं विचारलं. बेडगु वेगळं हाय म्हणून सांगितलं की मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बेडगु फक्त वडिलांकडून येत असेल, आजी. रक्त आईकडूनही येतं."

बस, एवढंच. नऊ महिने मी ज्याला पोटात वाढवलं त्याच्या अंगात माझ्या बापाच्या घरचं काही नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. लग्न जमवताना तुझं-माझं कूळ, पाहुणे, मानपान सगळं बघितलं. एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती.

मॅडमनी लगेच पिवळी पिशवी परत सुरू करायला सांगितली. मग वही उघडली. "आता नीट आठवून सांगा. तुमच्या माहेरी कुणाचं तान्हं बाळ असं डाग पडून गेलंय? कुणाचा पाय अचानक सुजून दुखायला लागलाय? तुम्ही जे सांगाल त्यावर बाळाचं पुढचं ठरणार आहे."

"न्हाय," शिवप्पा म्हणाला. "आमचं घराणं एकदम निरोगी. लिवा तसं." आणि त्यानं वहाणेच्या टोकानं माझा पाय दाबला.

का दाबला ते मला माहीत होतं. त्याच्या धाकट्या मुलीचं, वैशालीचं, आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाशी जमत आलं होतं. घराण्यात रोग निघाला तर ते मोडेल.

आणि मला काय काय माहीत होतं ते सांगते. आमची अव्वा, म्हणजे आई, ही आमच्या अप्पाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. मामानं भाची केलेली. माझ्यानंतर अव्वाची दोन बाळं गेली. एक मी डोळ्यांनी बघितलंय. मी सात वर्षांची असेन. अव्वा त्याला जुन्या लुगड्यात घेऊन बसलेली आणि त्याचा कान कोळशासारखा. सगळे म्हणाले, देवीनं नेलं. मल्लिनाथच्या वेळी बाळंतपणानंतर माझा स्वतःचा डावा पाय मांडीपर्यंत खांबासारखा सुजला होता. तीन महिने शेकत बसले, कुणाला सांगितलं नाही. सासरी म्हणतील, रोगट पोर दिली.

हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. आणि तरीही मी गप्प बसले. किती वेळ? हातातला चहा निवेपर्यंत. भाऊ दुखावेल, भाचीचं लग्न मोडेल, अव्वाचं नाव खराब होईल, असलं सगळं मी काचेपलीकडच्या त्या लेकराशेजारी ठेवून तोलत होते. ते तोलायला वेळ लागला, याची लाज मला अजून वाटते.

मग सुवर्णा आतून वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, त्याचं करंगळीजवळचं बोट पण काळं पडलं."

मी मॅडमना म्हटलं, "खोटं बोलतोय ह्यो. लिवून घ्या."

आणि सगळं सांगितलं. अव्वाची दोन्ही बाळं, कान, माझा पाय, मामा-भाचीचं लग्न. मॅडमचं पेन थांबत नव्हतं.

"अक्का, घराणं बुडवलंस," शिवप्पा म्हणाला.

"बुडू दे. पोरगं तरंगू दे."

तो वळला आणि जिना उतरून गेला. काचेतून नातवाकडं एकदा बघितलंही नाही त्यानं.

निम्मं

मल्लिनाथ आणि सुवर्णाचं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. तोवर दिवसातून दोनदा पिवळी पिशवी. रक्तपेढीतून ती बर्फाच्या डब्यात आणायची. मल्लिनाथ स्कूटरवर पायांत डबा धरून गर्दीतून ओरडत यायचा, "सरका! सरका! औषध हाय!" नव्या पेठेत गिऱ्हाइकाशीही ज्याचा आवाज ऐकू येत नाही असा माझा मुलगा. दुकानातली माणसं अजून त्याची नक्कल करतात.

रिपोर्ट आला. रक्त नको तिथं गोठू नये म्हणून अंगात एक पदार्थ असतो म्हणे. तो मल्लिनाथकडं निम्मा, सुवर्णाकडं निम्मा. म्हणून त्यांना कधी काही जाणवलं नाही. बाळाला दोघांकडून नेमकी उणीच बाजू मिळाली. त्याच्या अंगात तो जवळपास नाहीच. आता कोडं सुटलं होतं, आणि पिशवी बंद करायची नाही हेही ठरलं.

मॅडम म्हणाल्या, "यात कुणाची चूक नाही." मॅडम सभ्य घरातल्या आहेत. रक्तात आलं ती माझी चूक नाही, कबूल. पण मुंगी माझी, हळद माझी, बिब्बा माझा आणि ते 'नाही' तर सगळ्यात माझं.

त्या चहावाल्या मावशी परत आल्या. लोकांना लाज कशी ती नसते. त्यांनी पुन्हा सुरू केलं, "दोष सुनंच्या रक्तात निघाला म्हणं. मी म्हणलंच हुतं, माहेरी धाडा."

मल्लिनाथ म्हणाला, "मग मलाबी धाडा तिच्यासंगं. निम्मं माझं हाय."

सुवर्णा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. हसताना टाके दुखले म्हणून रडलीही.

रेघ

कान हळूहळू सावरत होता, आता सगळ्यांचा जीव त्या डाव्या पायावर. मॅडमनी बाळाच्या पायावर पेनानं रेघ मारली होती, काळं संपतं आणि गुलाबी सुरू होतं तिथं. काळं रेघेच्या पुढं सरकलं तर पाय जाणार, नाहीतर नुसती बोटं. रोज सकाळी सुवर्णा आत जायची आणि मी काचेला नाक लावून तिच्या तोंडाकडं बघायची. ती मान हलवायची. नाही सरकलं. मी बाकावर येऊन बसायची. पद्मा फ्लास्क पुढं करायची. अशा अकरा सकाळी मी मोजल्या.

नाही सरकलं. रेघ पुसट झाली, मॅडमनी पुन्हा मारली, पुन्हा पुसट झाली. दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, सुकून काळ्या मनुक्यासारखी झाली आणि एका सकाळी पट्टी बदलताना आपोआप गळाली. मला वाटलं होतं सुवर्णा कोसळेल. ती म्हणाली, "आत्या, टाच राहिली. टाच राहिली की चालता येतंय." मी तिच्या पाया पडले असते, पण तिनं सासू वेडी झाली म्हणून आणखी एका डॉक्टरला बोलावलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याला कमी दिसतं. हेही खरं ते सांगते, सगळं गोड करून लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही.

सुई

सव्वादोन महिन्यांनी घरी आलो. नाव ठेवलं बसवराज. हाक मारतो बसू.

घरी आल्यावर पिशवीच्या जागी दिवसातून दोन इंजेक्शनं मांडीत, रक्त गोठू नये म्हणून. ती आम्हीच द्यायची. सिस्टरनी संत्र्यावर शिकवलं. पहिल्या दिवशी मी सात-आठदा सुई काढून परत खुपसली, त्या संत्र्याची चाळण झाली. सकाळचं सुवर्णा द्यायची, संध्याकाळचं मी. सुई टोचली की बसू माझ्याकडं असं बघायचा की तू पण? आणि अर्ध्या मिनिटात हसायचा. आता गोळी आहे, आणि ठरलेल्या तारखेला बोटाला टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घालायचा, रक्त किती पातळ झालंय ते बघायला. ती तारीख चुकवायची नाही. लग्न असो, जत्रा असो, पाहुणे असोत. एकदा एका कार्यात मी सगळ्यांदेखत उठले, तर कुणी म्हणालं, "एक दिवस इकडं तिकडं झालं तर काय हुतंय?" मी म्हटलं, "तुमी डाक्टर कवा झालासा?" ती मंडळी आता बोलत नाहीत. घर शांत झालंय.

बसू आता अडीच वर्षांचा आहे. चालतो, पडतो, शेजारच्या बाईंच्या कुंड्या उलथतो. तेवढं मी बघून न बघितल्यासारखं करते.

शिवप्पा वर्षभर आला नाही. मी वाट बघितली नाही. वैशालीला आणि बहिणीच्या मुलाला मी स्वतः फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, आधी रक्त तपासा, मग हळदीचं बघा. दोघं मिळून गेले. दोघांचंही निम्मंच निघालं. त्यांचं त्यांनीच ठरवलं, भांडण नाही, रडारड नाही. मोठ्यांपेक्षा जास्त अक्कल निघाली. शिवप्पा गावभर सांगतो, अक्कानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं. सांगू दे. वैशाली दर रविवारी बसूला खेळवायला येते आणि बापाला सांगते, मैत्रिणीकडं जाते.

तर बाई, आता तुझं. तुझ्या बाळाच्या अंगावर जांभळा डाग असेल तर हे कागद इथंच ठेव आणि आधी दवाखाना गाठ. तेल, हळद, अंगारा काही लावू नकोस. विचारतील त्याचं उत्तर तू स्वतः दे, घरातल्या मोठ्यांना देऊ देऊ नकोस. नात्यातलं लग्न असेल तर मामा, आत्या, भाची सगळं नाव घेऊन सांग. आणि बाळाला जरा बरं वाटलं की आमच्याकडं ये. सोलापुरात उतरल्यावर नव्या पेठेत विचार, औषधाचा डबा घेऊन ओरडणारा मल्लिनाथ कोणता, कुणीही घर दाखवील. भाकरी मी करते, दवाखान्याचे कागद तू आण. पण एक कर, येताना सासूबाईंना बरोबर घेऊन ये. 'आमच्या घराण्यात असं कुणाला काही नव्हतं' म्हणाल्या असतील ना त्या? त्यांना माझ्याजवळ बसव आणि तू बाळाला घेऊन सुवर्णाकडं आत जा. आम्ही दोघी हाक मारीपर्यंत बाहेर येऊ नकोस. येत्या रविवारीच या. फार दिवस लावू नका.